गरोदरपणातील खुब्याचे आणि कटिबंधाचे दुखणे : घरच्या घरी काय करावे

कूस बदलताना, जिना चढताना किंवा एका पायावर उभे राहून परकर नेसताना खुब्यात, जांघेत किंवा माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना कळ येत असेल, तर ती बहुधा कटिबंधाच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, सांध्यांची असते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे या सांध्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल होतात, पोटाचा भार पुढे सरकतो आणि सांधे दोन्ही बाजूंना सारखे हलेनासे होतात. साधारण पाच गरोदर स्त्रियांपैकी एकीला हा त्रास होतो. बाळाला त्यापासून धोका नसतो; पण म्हणून ‘हे दिवसच असे’ म्हणत तो सोसत राहणेही योग्य नाही, कारण लवकर काळजी घेतली तर दुखणे आटोक्यात राहते.

दिवसभराच्या हालचालींत एकच गोष्ट पाहावी : भार दोन्ही पायांवर सारखा पडतो आहे का, आणि गुडघे एकमेकांपासून फार दूर जात नाहीत ना. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरवरून किंवा हापशावरून पाणी भरताना कळशी एका कमरेवर घेतली जाते आणि थोरले लेकरूही त्याच बाजूला कडेवर बसते. या दुखण्यात याहून वाईट सवय शोधून सापडणार नाही. पाण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी तरी उचलावे, आणि लेकराला बाईने खाली बसून जवळ घ्यावे. कापूस वेचताना किंवा सोयाबीन काढताना तासन् तास वाकून राहणे आणि उसाची मोळी डोक्यावर वाहणे तर थांबवायलाच हवे. मुकादमाकडून उचल घेतलेल्या बाईला हे सांगणे सोपे आणि तिला ते करणे अवघड आहे, म्हणूनच ही जबाबदारी तिच्या एकटीवर टाकू नये.

बाळंतपण सोपे जावे म्हणून फरशी पुसावी, उकिडवे बसावे असा वडीलधाऱ्या बायकांचा सल्ला असतो. हे दुखणे नसेल तर हालचाल चांगलीच. दुखणे असेल तर मात्र गुडघे फाकवणाऱ्या आणि कमरेला पीळ देणाऱ्या या हालचालींनी ते वाढते. भाकरी थापण्यासाठी जमिनीवर बसण्याऐवजी ओट्याशी उभे राहावे आणि अधूनमधून खुर्चीवर टेकावे. साडी किंवा सलवार बसून नेसावी. जिना चढताना कमी दुखणारा पाय आधी वर ठेवावा आणि उतरताना जास्त दुखणारा आधी खाली टाकावा. एसटीच्या उंच पायऱ्यांनाही हाच नियम लागू होतो.

झोपताना कुशीवर वळून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी घातलेली गोधडी ठेवावी. वळताना गुडघे जुळवून, खांदे आणि कंबर एकत्र फिरवावी, आणि उठताना आधी कुशीवर येऊन पाय खाली सोडून हातांच्या आधाराने बसावे. पाठीवर सपाट झोपणे शेवटच्या तीन महिन्यांत तसेही टाळायचे असते.

हात आणि गुडघे टेकून पाठ हळूच वर कमानदार करणे आणि पुन्हा सरळ करणे, तसेच लघवी रोखल्यासारखे स्नायू आवळून सोडणे, हे व्यायाम दिवसातून दोन-तीनदा करावेत. कळ येऊ लागली की थांबावे. कोमट पाण्याची पिशवी कमरेला चालते, पोटावर ठेवू नये. कमरेचा पट्टा फिजिओथेरपिस्टने मापून दिला तरच वापरावा. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते, पण डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मेडिकलवरून परस्पर आणून घेऊ नये, विशेषतः 20 आठवड्यांनंतर.

रक्त किंवा पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी होणे, एका पायाच्या पोटरीला सूज येऊन ती दुखणे, किंवा 37 आठवड्यांआधी ठरावीक अंतराने पोट कडक होऊन दुखणे, यांपैकी काहीही आढळले तर ते सांध्याचे दुखणे समजून घरी थांबू नये आणि 108 वर फोन करावा. असे काही नसेल, पण चालणेच अवघड झाले असेल, तर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात होणाऱ्या गरोदर मातांच्या तपासणीची वाट न पाहता आशाताईंना सांगून लवकर तपासून घ्यावे.

बहुतेकींचे दुखणे बाळंतपणानंतर काही आठवड्यांत कमी होते. त्याआधी, थोडाच वेळ उताणे पडून कळ न येता गुडघे किती फाकतात ते घरी पाहून ठेवावे आणि प्रसूतीच्या वेळी डॉक्टरांना व परिचारिकेला सांगावे, म्हणजे त्यांना पाय त्या अंतरापलीकडे न ताणता कुशीवर किंवा हात-गुडघे टेकून प्रसूती करवता येते का, ते आधीच ठरवता येईल.