परक्या शहरात सकाळचा गरम नाश्ता कसा शोधावा

परक्या शहरात दुपारचे किंवा रात्रीचे जेवण शोधणे त्या मानाने सोपे असते, कारण त्या वेळा ऐसपैस असतात आणि बहुतेक ठिकाणे तेव्हा उघडी असतात. नाश्त्याचे तसे नाही. सकाळचा सगळा कारभार दोन-अडीच तासांत आटोपतो, चांगल्या ठिकाणचा माल त्याच्याही आधी संपतो, आणि आपण आंघोळ उरकून, नकाशा चाळून, चार दारे पालथी घालून पोहोचेपर्यंत तवा धुवायला गेलेला असतो. म्हणून नाश्त्याचा शोध आदल्या संध्याकाळीच सुरू करावा. कामानिमित्त वर्षानुवर्षे फिरतीवर असलेल्या माणसाला ही गोष्ट बऱ्याच उपाशी सकाळींनंतर कळते; मलाही तशीच कळली.

येथे नाश्ता म्हणजे आपण मागितल्यावर, किंवा फार तर थोडा वेळ आधी, विस्तवावर तयार झालेला पदार्थ असे धरले आहे. काचेच्या कपाटातला थंड ब्रेड किंवा पाकिटातली बिस्किटे कुठेही मिळतात आणि त्यासाठी कोणाच्या सल्ल्याची गरज नसते. सकाळचे बहुतेक शिजवलेले पदार्थ काही मिनिटांत होतात आणि तितक्याच लवकर उतरतात. रस्सा मुरल्यावर सुधारतो तसे ते सुधारत नाहीत. त्यामुळे स्वयंपाकी कितीही हुशार असला तरी गिऱ्हाईक तुरळक असेल तर त्याला पदार्थ करून झाकून ठेवावे लागतात, आणि हात साधारण असला तरी खप मोठा असेल तर प्रत्येकाच्या पानात ताजे पडते. चांगला नाश्ता शोधायचा म्हणजे खरे तर सकाळचा खप शोधायचा. सजावट, पाटी आणि खुर्च्या यांचा विचार त्यानंतर करावा.

हा खप कुठे असतो, याचे उत्तर त्या शहरात पहाटे कोण जागे असते यावर अवलंबून आहे. भाजीपाल्याचे, फळांचे आणि मासळीचे घाऊक बाजार उजाडण्यापूर्वीच भरतात. तिथल्या हमालांना, आडत्यांना आणि गाडीवानांना सहा-सात वाजेपर्यंत निम्म्या दिवसाची भूक लागलेली असते, आणि अशा लोकांना बेचव किंवा अपुरे खायला घालून कोणाचा धंदा टिकत नाही. मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांच्या आसपासही हेच दिसते, कारण पाळी बदलताना रात्रीचे कर्मचारी बाहेर पडतात, दिवसाचे आत शिरतात आणि रुग्णांचे नातेवाईकही त्याच सुमारास खाली उतरतात. बस आगार, कारखान्यांची फाटके, महाविद्यालयांची वसतिगृहे हीदेखील अशीच ठिकाणे होत. रेल्वे स्थानकाच्या बाबतीत मात्र एक बारकावा लक्षात घ्यावा. स्थानकाच्या अगदी तोंडावरच्या दुकानांना घाईतला प्रवासी एकदाच भेटतो आणि तो परत येणार नाही हे दुकानदाराला पक्के ठाऊक असते. त्याच स्थानकाच्या मागच्या अंगाला, जिथे टॅक्सीवाले, हमाल आणि तिकीट खिडकीवरचे कर्मचारी रोज खातात, तिथे दुकानदाराला उद्याच्या गिऱ्हाइकाची काळजी असते. पर्यटकांच्या चौकालाही हाच हिशेब लावावा. तिथले सगळेच वाईट असते असे नव्हे, पण चांगले राहण्याची सक्ती तिथे कमी असते.

आठवड्याचा वार पाहायला विसरू नये. कचेऱ्यांच्या भागात कामाच्या दिवशी सकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि सुटीच्या दिवशी चिटपाखरू नसते. राहत्या वस्तीत याच्या बरोबर उलट, सुटीच्या दिवशी उशिरापर्यंत गर्दी असते. गेल्या भेटीत नावाजलेले ठिकाण या खेपेला बंद आढळते, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

जागेचा अंदाज आला की माणसांना विचारावे, आणि प्रश्न नेमका विचारावा. ‘इथे चांगला नाश्ता कुठे मिळतो?’ असे विचारले की समोरचा माणूस आपल्या कपड्यांकडे आणि बॅगेकडे पाहून, पाहुण्याला शोभेल असे एखादे महागडे नाव सांगतो. त्याऐवजी हॉटेलच्या रात्रपाळीवरच्या माणसाला, पहारेकऱ्याला किंवा टॅक्सीचालकाला ‘पाळी संपल्यावर तुम्ही स्वतः कुठे खाता?’ असे विचारावे. या प्रश्नाला उत्तर देताना माणूस क्षणभर थांबतो, मग हसतो, आणि बहुधा नावाऐवजी खूण सांगतो: पुलाखाली, औषधाच्या दुकानाला लागून, निळ्या शटरचे. ज्या दुकानाचे नाव सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नसते, तिथे तो रोज जात असतो असे खुशाल समजावे. लगोलग आणखी दोन प्रश्न विचारून घ्यावेत: तिथे माल किती वाजता संपतो आणि बंद कोणत्या वारी असते. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच ठिकाण सांगितले तर पुढचा शोध थांबवायला हरकत नाही.

फोनवरच्या नकाशाचा उपयोग होतो, पण तारे मोजण्यासाठी नव्हे. एखाद्या ठिकाणाला मिळालेले गुण दिवसभराच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे मिळून असतात. रात्रीच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेली जागा सकाळी केवळ दार उघडे आहे म्हणून नाश्ता देत असेल, तर तो फरक त्या आकड्यात दिसत नाही. म्हणून अभिप्रायांमध्ये ‘सकाळ’, ‘नाश्ता’ असे शब्द शोधावेत, आणि ते त्या शहराच्या भाषेत व लिपीत शोधावेत, कारण रोजचे गिऱ्हाईक आपल्याच भाषेत लिहिते. भाषा येत नसेल तर भाषांतराची सोय हाताशी असते. अभिप्राय सर्वांत नवे आधी अशा क्रमाने लावून पाहावेत, कारण आचारी बदलला की जुनी स्तुती निरर्थक होते. अतिशय खूश आणि अतिशय चिडलेल्या लोकांपेक्षा मधले गुण देणारे लोक अधिक उपयोगी माहिती देतात: रांग होती, पदार्थ गरम होता, बसायला जागा नव्हती. दुकानाने स्वतः टाकलेल्या छायाचित्रांकडे दुर्लक्ष करून गिऱ्हाइकांनी काढलेली पाहावीत. गूगल मॅप्सवर २०१५ पासून दिवसाच्या कोणत्या तासाला किती गर्दी असते याचा आलेख मिळतो. त्यात सकाळी सात ते नऊच्या दरम्यान उंच खांब दिसले तर आपल्याला हवा तो खप तिथे आहे. उघडण्याची वेळ मात्र साशंकतेने वाचावी. दार उघडण्याची वेळ आणि चूल पेटण्याची वेळ या दोहोंत अर्धा-पाऊण तासाचे अंतर असू शकते, आणि पहाटेची गाडी पकडायची असेल तर हे अंतर महागात पडते. अशा वेळी फोन करून ‘गरम कधीपासून मिळते?’ असे सरळ विचारावे.

एवढे करून ठिकाणापाशी पोहोचल्यावर लगेच आत शिरून बसू नये. पाच मिनिटे दारात उभे राहावे, आणि शक्य असेल तर तवा दिसेल अशा जागी. स्वयंपाकी तव्यावर पाण्याचा हबका मारतो तेव्हा काय होते ते पाहावे. पाणी पसरून नुसतेच वाफाळत राहिले तर तवा थंड आहे आणि त्यावरचा पदार्थ भाजण्याऐवजी वाफेवर शिजणार. चर्रकन आवाज होऊन पाणी क्षणात उडाले तर तवा तापलेला आहे. थेंबांचे मणी होऊन ते इकडेतिकडे धावू लागले तर तो फारच तापला आहे आणि जाणता माणूस पुढचा पदार्थ टाकण्यापूर्वी थोडा थांबतो किंवा कापड फिरवून तवा निववतो. भाजलेल्या पदार्थाचा खमंगपणा आणि तांबूस रंग ज्या प्रक्रियेमुळे येतो तिचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ मेयार यांनी १९१२ मध्ये केले. ती साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर जोरात चालते, आणि पृष्ठभागावर पाणी शिल्लक आहे तोपर्यंत तापमान १०० च्या आसपासच अडकून राहते. म्हणूनच एकाच तव्यावर दाटीवाटीने दहा गोष्टी टाकणाऱ्या दुकानात सगळे फिकट आणि ओलसर मिळते.

अंड्यांवरून तर फारच लवकर निकाल लागतो. ताजे अंडे फोडले की पिवळा बलक घुमटासारखा उभा राहतो आणि पांढरा भाग त्याच्याभोवती घट्ट बसतो. शिळे अंडे तव्यावर पाण्यासारखे पसरते. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या थोडे वर घट्ट होऊ लागतो आणि बलक साधारण पासष्ट ते सत्तर अंशांच्या दरम्यान, म्हणजे या सगळ्या कामाला प्रचंड आचेची गरजच नसते. जो आचारी अंडे टाकताना आच कमी करतो किंवा तव्याच्या कडेचा कमी तापलेला भाग निवडतो, त्याच्या हाताखालचे बाकीचे पदार्थही बिनधास्त मागवावेत. उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट करडे कडे दिसले तर ते जास्त वेळ उकळले गेले आहे, कारण बलकातले लोह आणि पांढऱ्या भागातले गंधक यांच्या संयोगाने तो रंग येतो. त्याने अपाय होत नाही, पण स्वयंपाकघरात घड्याळाकडे कोणाचे लक्ष नाही हे त्यावरून कळते.

तळणाच्या बाबतीत तेल पाहावे. गडद, दाट झालेले, कढईच्या कडेला फेस धरणारे आणि पदार्थ टाकण्यापूर्वीच धुरकटणारे तेल कित्येक वेळा तापवलेले असते. तिथून मुकाट्याने निघावे. तेल स्वच्छ असेल तर परातीत आधीचे तळण किती पडून आहे ते पाहावे आणि नवा घाणा निघेपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. नवा घाणा निघताच आजूबाजूचे रोजचे लोक एकदम पुढे सरकतात, त्यांच्याबरोबर आपणही सरकावे. फळ्यावर पाच-सहाच पदार्थ असतील तर ते बरे लक्षण मानावे. चार पानी यादीतले सगळे पदार्थ सकाळी सात वाजता ताजे असणे कोणत्याही स्वयंपाकघराला शक्य नाही.

उतरलेल्या हॉटेलातच नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर खोली घेतानाच तो कोणत्या प्रकारचा आहे ते विचारावे. ‘कॉन्टिनेन्टल’ म्हणजे बहुधा ब्रेड, जॅम, फळे आणि चहा-कॉफी. त्यात शिजवलेले काही असेलच असे नाही. बुफे असेल तर प्रश्न वेळेचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या सूचनांनुसार शिजवलेले अन्न वाढेपर्यंत साठ अंशांच्या वर ठेवावे आणि खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक राहू देऊ नये. झाकण उचलल्यावर वाफ आली नाही, किंवा खालची ज्योत विझलेली दिसली, तर तो पदार्थ सोडून द्यावा. आणि तापमान राखले तरी चव राहतेच असे नाही. एका हॉटेलात मी नाश्ता बंद होण्याच्या दहा मिनिटे आधी पोहोचलो, तेव्हा मोडून परतलेली अंडी खाली सुटलेल्या पाण्यात तरंगत होती आणि टोस्ट वाकवला तरी तुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच हॉटेलात दार उघडताच गेलो, तर तेच दोन पदार्थ उत्तम होते. तेव्हा बुफेत पहिल्या अर्ध्या तासात जावे, आणि समोर करून देणारा आचारी कोपऱ्यात उभा असेल तर बाकीच्या मांडणीत न गुंतता थेट त्याच्याकडे जावे. भाड्यात धरलेला नाश्ता वगळून खोली स्वस्त मिळत असेल आणि जवळपास वर सांगितल्यासारखा बाजार किंवा रुग्णालय असेल, तर मी वगळतो.

खाण्याची पथ्ये किंवा ॲलर्जी असणाऱ्यांनी पदार्थाच्या नावावर विसंबू नये. तवा एकच आहे का, चरबी कोणती वापरली आहे, कालथा वेगळा आहे का, असे तीन सुटे प्रश्न विचारावेत. ‘यात अमुक नाही ना?’ या प्रश्नाला घाईच्या वेळी सगळीकडे ‘नाही’ असेच उत्तर मिळते.

पहिल्या दिवशी एकच पदार्थ मागवावा, आणि तोही शेजारच्या तीन-चार पानांत दिसतो तो. बहुतेक जण खातात तोच सर्वांत वेगाने खपत असतो, आणि यादीतला एकटा पडलेला अनोखा पदार्थ बहुधा कालच्या तयारीतून येतो. तो आवडला तर दुसरा मागवावा. उठताना गल्ल्यावरच्या माणसाला उद्या दुकान उघडे आहे का आणि पहिला घाणा किती वाजता निघतो एवढे विचारावे, ती वेळ फोनमध्ये लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दहा मिनिटे आधी पोहोचावे.