तरंगणाऱ्या पेशी ओतून देऊ नका

औषध दिल्यावर कर्कपेशी खरोखर आपणहून मरतात का, हे ॲनेक्सिन (रंग जोडलेलं एक प्रथिन) आणि पीआय (प्रोपिडियम आयोडाइड हा रंग) यांच्या चाचणीने पाहायचं असेल, तर आधी एक सांगते: फ्लास्कमधला जुना मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव, फेकू नका. मरायला लागलेली पेशी तळावरची पकड सोडते आणि तरंगू लागते. सुरुवातीला तीन आठवडे मी तो मीडिया बेसिनमध्ये ओतत होते आणि वहीत ‘परिणाम नाही’ लिहीत होते. परिणाम होत होता, तो वाहून जात होता.

म्हणून मीडिया ट्यूबमध्ये काढा, फ्लास्क पीबीएसने (पेशी धुवायच्या क्षारद्रावणाने) विसळा, तेही त्यातच घाला. मग चिकटलेल्या पेशी ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने सोडवा. इथे मायक्रोस्कोपजवळून हलू नका. पसरलेल्या पेशी गोल झाल्या, की फ्लास्कला हलकी टिचकी मारा आणि लगेच सीरमवाला मीडिया घालून ट्रिप्सिन थांबवा. जास्त वेळ ठेवलं तर चांगल्या पेशींचं आवरण फाटतं आणि त्या मेलेल्यांत मोजल्या जातात. त्याच वेळी नीट पाहिलंत तर काही पेशी आक्रसलेल्या आणि अंगावर बारीक फुगे आलेल्या दिसतील. कर, वायली आणि करी यांनी 1972 मध्ये ज्या मृत्यूला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिलं, तो हाच.

तरंगणाऱ्या आणि सोडवलेल्या पेशी एकत्र करून सेंट्रीफ्यूज करा, गार पीबीएसने दोनदा धुवा. ट्रिप्सिनसोबत आलेलं ईडीटीए निघून जायलाच हवं. ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय ॲनेक्सिन चिकटत नाही. मग बाइंडिंग बफर 100 मायक्रोलिटर, पेशी साधारण एक लाख, दोन्ही रंग किटमध्ये दिल्याप्रमाणे, आणि 15 मिनिटं अंधारात. तासाभरात फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, वाचा. बिनरंगाची, फक्त ॲनेक्सिनची आणि फक्त पीआयची अशा ट्यूबही लावा, नाहीतर रंगलेल्या आणि न रंगलेल्या पेशींमधल्या रेषा कुठे आखायच्या ते कळणार नाही. ॲपॉप्टोसिस घडवणारं स्टॉरोस्पोरिन दिलेली एक ट्यूब असली तर चाचणी चालते आहे याची खात्री पटते.

आता वाचन. जिवंत पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेदघटक आवरणाच्या आतल्या बाजूला सांभाळते. मरताना तो बाहेर येतो. भक्षक पेशींना तो ‘मला उचला’ असा निरोप असतो, आणि ॲनेक्सिन त्यालाच चिकटतं. पीआय मात्र आवरण फाटल्यावरच आत शिरतं. फक्त ॲनेक्सिन दिसलं, तर मृत्यूची सुरुवात. दोन्ही दिसले, तर शेवटचा टप्पा किंवा सरळ नेक्रोसिस, म्हणजे इजेने फुटून आलेला मृत्यू. यातलं कोणतं, हे एका वाचनावरून लिहू नका. 6, 12, 24 तासांनी पाहा, आणि ॲपॉप्टोसिस घडवणारी कॅस्पेज ही विकरं रोखणारं झेड-व्हॅड दिल्यावर आकडा उतरतो का तेही तपासा.

आकडा मुळातच कमी आला तर? औषध वाया गेलं असं लगेच ठरवू नका. अनेक कर्करोगांत पेशीची मरायची यंत्रणा शाबूत असते, पण कुणीतरी ती दाबून धरलेली असते. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगात 14 आणि 18 या गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे बीसीएल-2 हे मृत्यू रोखणारं प्रथिन भरमसाट बनतं आणि पेशी मरायचं विसरते. त्याच बीसीएल-2 ला अडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध 2016 मध्ये मंजूर झालं, मात्र ते सीएलएल या दुसऱ्या रक्तकर्करोगासाठी. पण बीसीएल-2 अडवलं तरी त्याचंच भावंड असलेलं एमसीएल-1 हे प्रथिन पेशीला वाचवू शकतं. म्हणून त्याच फ्लास्कमधल्या काही पेशी, तरंगणाऱ्यांसकट, रंग घालण्याआधीच वेगळ्या काढून वेस्टर्न ब्लॉटसाठी, म्हणजे ही प्रथिनं किती आहेत हे पाहणाऱ्या चाचणीसाठी, उणे 80 अंशांवर ठेवा.