खालचा गिअर टाकताना क्लच कसा जपावा

बेळगावच्या माणसाला घाट चुकत नाही. गोव्याला जायचे तर जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला उतरावा लागतो, लोंढा-रामनगरवरून गेले तर अनमोड लागतो, सावंतवाडीला जायचे तर शिनोळीमार्गे आंबोली, दोडामार्गाकडे जायचे तर तिलारीचा उभा उतार, आणि यांपैकी कुठेच न जाता निपाणीचा रस्ता धरला तरी महामार्गावर वंटमुरी आणि तवंदीचे चढउतार आहेतच. त्यामुळे आपल्या भागात गाडी चालवणाऱ्याला वरच्या गिअरमधून खाली येण्याचे काम एकेका प्रवासात कितीतरी वेळा करावे लागते. ते काम बहुतेकांना कोणी नीट शिकवलेले नसते, कारण गाडी शिकताना सारा भर गाडी जागेवरून उचलण्यावर आणि गिअर चढवण्यावर असतो.

मलाही ते कोणी शिकवले नव्हते. माझ्या गाडीची क्लच प्लेट ३८,००० किलोमीटरवर संपली, तेव्हा उद्यमबागेतल्या एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी जुनी आणि नवी प्लेट लाकडी फळीवर शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. नव्या प्लेटीवर रिव्हेटांची डोकी लायनिंगच्या, म्हणजे घासणाऱ्या थराच्या, आत खोल बसलेली होती आणि बोट फिरवले तर खळगा लागत होता. माझ्या प्लेटीवर ती डोकी लायनिंगच्या बरोबरीला आली होती, आणि फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीवर, तापून उठलेले निळसर-काळे डाग होते. त्यांनी विचारले, “घाट उतरताना गिअर पाडल्यावर क्लच हळूहळू सोडताय काय ओ?” मी होय म्हणालो, गाडीला झटका बसू नये म्हणून तसे करतो, असेही सांगितले. त्यावर ते म्हणाले, “झटका गाडीला बसला न्हाई, सगळा ह्या प्लेटीनं खाल्ला बघा.”

खालच्या गिअरचे सारे तंत्र या एका वाक्यात आहे, म्हणून ते थोडे उलगडून सांगतो. क्लच प्लेट इंजिनाला जोडलेले फ्लायव्हील आणि मागची प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबलेली असते. ती आणि फ्लायव्हील एकाच वेगाने फिरत असतील तर दोघांत घर्षण होत नाही, मग गाडी कितीही भरलेली असो. प्लेट झिजते ती दोघांच्या वेगात फरक असताना त्यांना एकमेकांना चिकटू दिले तेव्हाच, आणि तो फरक जितका मोठा व घसरण जितका वेळ चालू, तितकी उष्णता आणि तितकी झीज. गाडी जागेवरून उचलताना हा फरक टाळता येत नाही, कारण चाके थांबलेली आणि इंजिन फिरते असते. तिथे क्लच अलगद सोडणे योग्यच आहे. चालत्या गाडीत खालचा गिअर टाकताना मात्र हा फरक आपल्याला आधीच मिटवता येतो, आणि तो मिटवायचे साधन अ‍ॅक्सिलरेटर आहे.

आकड्यांत पाहू. तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.३ आणि दुसऱ्याचे १.९ धरले, जे लहान पेट्रोल गाड्यांत साधारण याच आसपास असते, तर तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असताना त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये त्याला सुमारे २,९०० फेरे घ्यावे लागतील. आपण क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, की गिअर बदलेपर्यंतच्या क्षणभरात इंजिन १,२०० पर्यंत खाली येते. म्हणजे क्लच सोडताना फरक ९०० फेऱ्यांचा राहत नाही, १,७०० फेऱ्यांचा होतो. क्लच पटकन सोडला तर गाडी मान मोडल्यासारखी वाकते. हळू सोडला तर प्लेट दोन-तीन सेकंद घासत इंजिनाला १,२०० वरून २,९०० वर ओढून नेते. दुसरा प्रकार प्रवाशांना कळत नाही, म्हणून वर्षानुवर्षे तो चांगल्या चालकाची खूण समजला जातो.

आता प्रत्यक्ष कृती. सुरुवात ब्रेकने करावी, गिअरने नव्हे. जो गिअर टाकायचा आहे त्याच्या वेगाला गाडी आधी ब्रेकने आणावी. लहान मोटारीत दुसऱ्या गिअरसाठी ताशी २५ किलोमीटरच्या आसपास आणि तिसऱ्यासाठी ४० च्या आसपास हा अंदाज सवयीला पुरेसा आहे. मग ब्रेकवरून पाय काढून क्लच तळापर्यंत दाबावा, अर्धवट नव्हे, आणि गिअरची दांडी न्यूट्रलमधून खालच्या गिअरकडे हलक्या दाबाने न्यावी. दांडी आत जायला एक क्षण घेते, तो तिला द्यावा. त्या क्षणी आतली सिंक्रोनायझर रिंग, जी बहुधा पितळेची असते, दोन दातेचक्रांचे वेग जुळवत असते, आणि तिथे जोर लावला तर क्लच वाचवायच्या नादात गिअरबॉक्स खराब होतो. क्लच दाबलेलाच असताना उजव्या पायाने अ‍ॅक्सिलरेटरला एक छोटी रेस द्यावी, म्हणजे इंजिनाचा आवाज चढेल, आणि तो चढलेला असतानाच क्लच एका ओघात, साधारण अर्ध्या सेकंदात सोडावा. रेस देणे आणि क्लच सोडणे यांत थांबू नये, कारण थांबलो की इंजिन पुन्हा खाली येते आणि केलेली रेस वाया जाते.

ही रेस किती द्यायची, हे कोणत्याही पुस्तकातून येत नाही, ते कानाने येते. इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर असेल तर सुरुवातीला त्याकडे बघावे: लहान पेट्रोल गाडीत चौथ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना काटा आधी होता त्याच्या वर सुमारे एक तृतीयांश ते निम्म्याने जायला हवा. डिझेल इंजिन जड असते आणि हळू चढते, त्यामुळे तिथे पाय थोडा जास्त वेळ ठेवावा लागतो. नव्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला तार नसून इलेक्ट्रॉनिक जोडणी असते, तिथेही इंजिन किंचित उशिरा प्रतिसाद देते. सुटीच्या दिवशी सकाळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्यातून तिसऱ्यात येण्याचा सराव वीस-पंचवीस वेळा केला, की पायाला माप कळू लागते. घरातले कोणी मागच्या सीटवर बसवावे आणि गिअर बदलताना त्यांची मान पुढे झुकते की मागे जाते हे विचारावे: पुढे झुकली तर रेस कमी पडली, मागे गेली तर जास्त झाली.

घाटात उतरताना मात्र एक अडचण येते. सपाटीवर ब्रेक सोडून रेस द्यायला वेळ मिळतो. उतारावर ब्रेक सोडला की गाडी लगेच वेग घेते. म्हणून पहिला नियम असा की उतार सुरू होण्याआधी, वरच्या सपाटीवरच गिअर ठरवून टाकावा. चोर्ला गाव मागे टाकून केरीकडे उतरायला लागण्यापूर्वी किंवा आंबोलीहून दाणोलीकडे वळण्यापूर्वी हे काम झालेले असावे. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि ते पहिल्या अंदाजापुरते बरोबर आहे. नेमकी परीक्षा अशी: अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्हींवरून पाय काढल्यावर गाडीचा वेग जवळपास स्थिर राहिला तर गिअर योग्य आहे, वाढतच गेला तर एक गिअर खाली यायला हवे.

आणि मध्येच खाली यायची वेळ आलीच, तर नवीन गिअरला हवा त्यापेक्षा ताशी पाच-सात किलोमीटर जास्त वेग ब्रेकने कमी करावा, मग ब्रेक सोडून क्लच, गिअर, रेस, क्लच ही क्रिया करावी. एवढ्या वेळात उतार तो कमी केलेला वेग परत देतो आणि क्लच सोडताना हिशेब जुळतो. एकाच पायाने टाचेने अ‍ॅक्सिलरेटर आणि चवड्याने ब्रेक दाबण्याची शर्यतीतली पद्धत काही लोक घाटात करून बघतात. कुटुंब गाडीत असताना आणि एका बाजूला दरी असताना ती करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सारे वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना करावे. पावसाळ्यात कणकुंबीच्या पट्ट्यात रस्ता दिवसदिवस ओला असतो आणि धुके खाली उतरते. तिथे वळणात न जुळवता गिअर पाडला तर इंजिनाचा अचानक ओढा पुढच्या चाकांची पकड क्षणभर सोडवू शकतो, आणि तो क्षण नेमका स्टिअरिंग वळलेले असतानाचा असतो.

उतारावर न्यूट्रल मारून किंवा क्लच दाबून गाडी सोडणे ही आपल्याकडची जुनी आणि घातक सवय आहे. त्यात डिझेल-पेट्रोल वाचते, हा समज इंधन इंजेक्शनच्या गाड्यांना लागू नाही: गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की यंत्रणा इंधन जवळपास पूर्ण बंद करते आणि चाकेच इंजिनाला फिरवतात, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शोषलेल्या तेलासाठी ठरवलेली मर्यादा १५५ अंशच आहे. त्यावर तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ धरली की पेडल मऊ होऊन खाली जाते. यासाठी तेल दर दोन वर्षांनी बदलावे, आणि घाटात ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा थोड्या वेळासाठी घट्ट दाबून सोडावा.

चढावर गोष्ट उलटी आहे. तिथे क्लच दाबताच गाडीचा वेग पडतो, त्यामुळे जुळवायचा फरक आपोआप कमी होतो आणि सपाटीइतकी रेस लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण न सोडता थोडा दाबून ठेवला तरी पुरते. चूक होते ती उशीर करण्यात. इंजिन घुमायला लागून गाडी हिसके देईपर्यंत वरच्या गिअरमध्ये रेटले, की मग पुढे थेट पहिल्या गिअरपर्यंत यावे लागते आणि हाफ क्लचवर गाडी उचलावी लागते. उसाच्या हंगामात तवंदीच्या चढावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असला, तर त्याच्या मागे हाफ क्लचवर लोंबकळत राहण्यापेक्षा पन्नास पावलांचे अंतर ठेवून पहिल्या गिअरमध्ये, क्लचवरून पाय पूर्ण काढून चालावे, आणि थांबावे लागले तर हँडब्रेक ओढावा. चढणाऱ्याला आधी वाट देण्याचा नियम अरुंद घाटरस्त्यांसाठी आहे तोही याच कारणाने: चढावर थांबलेली जड गाडी पुन्हा उचलताना तिचा क्लच सर्वाधिक जळतो.

ट्रॅक्टरविषयी एकच सांगतो. बहुतेक ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्समध्ये मोटारीसारखी चालत्या गाडीत गिअर जुळवण्याची सोय नसते, आणि उतारावर दांडी न्यूट्रलला आली तर पुन्हा गिअर पडत नाही. भरलेल्या ट्रॉल्या मागून ढकलत असतात. म्हणून तिथे उताराच्या माथ्यावर थांबूनच खालचा गिअर टाकावा आणि तळापर्यंत क्लचला हात लावू नये, म्हणजे पायही लावू नये.

शहरात मात्र प्रत्येक सिग्नलला गिअर पाडत थांबण्याची गरज नाही. राणी चन्नम्मा चौकात लाल दिवा दिसला तर ब्रेकने वेग कमी करावा आणि थांबण्याच्या जरा आधी क्लच दाबावा. ब्रेक पॅड चाक काढून बदलता येतात आणि स्वस्त असतात. क्लच प्लेटीसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पाचव्यातून थेट तिसऱ्यात यायलाही हरकत नाही, वेग तेवढा कमी झालेला असला म्हणजे झाले. पण वेगात चुकून पहिला गिअर पडू देऊ नये, क्लच दाबलेला असला तरी: चौथ्यात २,५०० फेऱ्यांवर चाललेल्या गाडीचा पहिला गिअर पडला तर प्लेट सुमारे ९,००० फेऱ्यांनी फिरू लागते आणि फुटू शकते.

डबल क्लच, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून रेस देणे आणि पुन्हा दाबणे, हे जुन्या ट्रकांसाठी आवश्यक होते. सिंक्रोनायझर असलेल्या आजच्या मोटारीत त्याची गरज पडत नाही.

गिअर पडल्यावर डावा पाय क्लचवरून काढून शेजारच्या फूटरेस्टवर ठेवावा. नुसता विसावलेला पायही रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग, झिजवतो आणि प्लेटीवरचा दाब कमी करू शकतो. आपली प्लेट संपत आली आहे का, हे बघायचे तर वंटमुरीच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघावे. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग मात्र तिथेच राहिला, किंवा पेडल अगदी वर आल्यावरच क्लच धरू लागला, तर गॅरेजला जाण्याची वेळ झाली आहे. घाटात जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करून गिअर आणि हँडब्रेकवर ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास तिला थंड होऊ द्यावे.