पानं, शेंगा, काटक्यांचं डेकोरेशन करताय? या चुका टाळा

बाहेरून गोळा केलेली पानं, शेंगा, पाइनकोन (पाइनच्या झाडाचे खवलेदार शंकू) वापरून केलेलं डेकोरेशन पहिल्या दिवशी भारीच दिसतं, फोटो पण मस्त येतात, आणि मग आठ-दहा दिवसांत पानं मुरडतात, कुठेतरी पांढरी बुरशी धरते, चिकटवलेले तुकडे टपाटप गळायला लागतात आणि लोक म्हणतात की नैसर्गिक वस्तू टिकतच नाहीत. टिकतात हो. फक्त त्यांच्यात पाणी असतं हे आपण विसरतो. वरून खडखडीत दिसणारी शेंग आतून ओली असू शकते, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

सुरुवात गोळा करण्यापासूनच. सकाळी दवात किंवा पाऊस थांबल्या थांबल्या जाऊन सगळं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं आणि दोन दिवस तशीच गाठ मारून ठेवायची, म्हणजे बुरशीला आमंत्रणच. दव सुकल्यावर जा, कागदी पिशवी किंवा टोपली न्या, घरी आल्या आल्या सगळं पेपरवर पसरून ठेवा. राखीव जंगलातून काही उचलू नका, पक्ष्यांचं घरटं रिकामं दिसलं तरी हात लावू नका. आणि ओळख नसलेलं झाड तर नकोच, कारण कण्हेरीचे सगळे भाग विषारी असतात आणि गुंजेच्या लालकाळ्या बिया कितीही गोड दिसल्या तरी चावल्या गेल्या तर जिवावर बेतू शकतं. घरात लहान मूल किंवा कुत्रा-मांजर असेल तर हे विसरू नका.

आता पानं. सगळ्यात जास्त वाट लागते ती यांचीच. पान उचललं, लगेच चिकटवलं, दोन दिवसांत त्याची सुरळी. आधी दाबून सुकवा: गुळगुळीत मासिकाचा कागद नको, तो पाणी शोषत नाही, साधा वर्तमानपत्राचा कागद घ्या, वर जड पुस्तकं ठेवा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदला, हा कागद बदलायचाच लोकांना कंटाळा येतो आणि मग पानं काळी पडली म्हणून बोंब. साधारण एक-दोन आठवडे लागतात. पानं लवचिक राहायला हवी असतील तर एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी अशा मिश्रणात ती पूर्ण बुडवून काही दिवस ठेवा. पण पान ताजं हवं! चुरचुरीत वाळलेलं पान ग्लिसरीन पीतच नाही. या पद्धतीत रंग थोडा गडद, तपकिरी होतो, तो बिघाड नाही. थेट उन्हात लावलं तर मात्र कुठल्याही पद्धतीने सुकवलेल्या पानाचा रंग उडणारच.

पाइनकोन मिटलेले मिळाले म्हणून फेकून देतात बरेच जण. अहो, ओलावा लागला की त्याच्या पाकळ्या मिटतात आणि सुकला की परत उघडतात, एवढंच. ट्रेवर फॉइल अंथरून ओव्हनमध्ये ९० ते १०० अंश सेल्सिअसला अर्धा ते एक तास ठेवा, पाकळ्या उघडतात, आतले किडे मरतात, चिकट राळ पण वितळून बसते. पण ओव्हन लावून दुसऱ्या खोलीत जाऊन बसू नका. ओकची फळं असतील तर नीट बघा, त्यावर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं की आपण ते फळ बाजूला काढतो, पण भोक म्हणजे अळी बाहेर पडून गेली, खरी भीती भोक नसलेल्या फळाची, अळी आत असू शकते. ही फळं पण कमी आचेवर भाजून घ्या. आणि सुकायच्या आधी वॉर्निश मारू नका, ओल आत अडकते आणि आतून कुजतं.

डहाळ्या वळवून सजावटीचं गोल कडं (रीथ) करताना उलटं. तिथे वाळकी काटकी कटकन मोडते, ओली डहाळी किंवा वेल छान वळते, वेल वाळला असेल तर आधी पाण्यात भिजवा. फक्त सुकताना डहाळी बारीक होते आणि बांधलेली तार सैल पडते, मग सगळे म्हणतात बांधणी कच्ची होती. बांधणी ठीकच असते. कडं पूर्ण सुकलं की तार परत आवळा, सजावट त्यानंतर.

ग्लू गनवर सगळं सोपवू नका. धूळ, राळ किंवा मेणचट पानावर ग्लू धरत नाही, आणि उन्हाच्या खिडकीत तो मऊ पडतो, म्हणून जड वस्तू तारेनेच बांधा. तुरेवालं गवत पूर्ण फुलल्यावर कापलं तर घरभर कापूस उडतो, जरा आधीच कापा. त्यावर हेअरस्प्रे मारतात ते चालतं, पण मेणबत्ती जवळ नको, नुसतं वाळकं गवत पण क्षणात पेटतं.

बुरशी दिसलीच तर तो तुकडा काढून टाका, पुसून परत लावू नका, आणि शेजारचे तुकडे हवेशीर जागी सुकवा. उरलेलं पुढच्या मोसमासाठी ठेवायचं तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. खराब झालेलं कंपोस्टमध्ये जातं, पण रंग, ग्लिटर किंवा ग्लू लागलेलं तिथे टाकू नका.