घरातील अर्थ लीकेज संरक्षण कोणत्या पिढीचे आहे, हे कसे ओळखावे आणि तपासावे

डिस्ट्रिब्युशन बोर्डावर ईएलसीबी (अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की पुरवठा तोडणारे उपकरण) असे लिहिलेले असले, तरी तेवढ्यावरून निश्चिंत होऊ नये, कारण दोन अगदी भिन्न तत्त्वांवर चालणारी उपकरणे याच नावाने ओळखली जातात. त्याला कोणकोणत्या वायरी जोडल्या आहेत, हे पाहिल्यावर खरा उलगडा होतो. बोर्डाचे झाकण मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच उघडवून घ्यावे. मेन स्विच बंद केल्यावरही येणारी वायर जिवंत राहते.

फेज (करंट आणणारी जिवंत वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांखेरीज अर्थिंगची वायरही उपकरणातून गेलेली असेल आणि तिच्या टर्मिनलांवर ‘एफ’ व ‘ई’ ही अक्षरे असतील, तर ते जुन्या पिढीचे, व्होल्टेजवर चालणारे ईएलसीबी समजावे. त्यातील कॉइल घरातील अर्थिंगची वायर आणि जमिनीतील अर्थ इलेक्ट्रोड यांच्यामध्ये जोडलेली असते. एखाद्या यंत्राच्या धातूच्या कवचात करंट उतरून तेथील व्होल्टेज साधारण 50 व्होल्टपर्यंत चढले, की कॉइल पुरवठा तोडते. मात्र कवच पाण्याच्या धातूच्या नळाला टेकले असेल, तर गळतीचा करंट कॉइलला वळसा घालून निघून जातो. त्याहून गंभीर उणीव अशी की, उघड्या फेजला हात लागून माणसाच्या शरीरातून थेट जमिनीत जाणारा करंट या उपकरणाला दिसतच नाही. म्हणून ते चालू स्थितीत असले तरी बदलून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच नावाने ओळखले जाणारे दुसरे उपकरण, म्हणजे नंतरच्या पिढीतील आरसीसीबी (रेसिड्युअल करंट सर्किट ब्रेकर), अर्थिंगच्या वायरीकडे पाहत नाही. त्यात फेज आणि न्यूट्रल एकाच वर्तुळाकार चुंबकीय गाभ्यातून जातात; गेलेला आणि परतलेला करंट सारखा असेल तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात, आणि काही करंट अन्य वाटेने जमिनीत गेला तर उरलेल्या फरकामुळे तिसऱ्या वेटोळ्यात करंट निर्माण होऊन उपकरण ट्रिप होते. अमेरिकेत चार्ल्स डाल्झिएल यांनी 1961 मध्ये सुमारे 5 मिलीअँपिअरवर ट्रिप होणारे उपकरण तयार केले. इतरत्र माणसाच्या संरक्षणासाठी 30 मिलीअँपिअर ही मर्यादा रूढ आहे. 230 व्होल्टवर शरीराचा रोध 1000 ओहम धरला, तर 230 मिलीअँपिअर करंट वाहतो. तो प्राणघातक ठरू शकतो, पण 16 अँपिअरच्या एमसीबीला (ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास पुरवठा तोडणाऱ्या छोट्या ब्रेकरला) त्याची दखलही घ्यावी लागत नाही. त्यामुळे उपकरणावर 30 मिलीअँपिअर हा आकडा आहे ना, हे पाहावे. 100 किंवा 300 मिलीअँपिअरचे उपकरण आगीपासून बचावासाठी असते. आरसीसीबी ओव्हरलोड ओळखत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवाच, किंवा दोन्ही कामे करणारे आरसीबीओ घ्यावे.

पुढची सुधारणा करंटच्या स्वरूपाशी निगडित आहे. ‘एसी’ प्रकारचे उपकरण केवळ साध्या एसी गळतीची हमी देते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या वॉशिंग मशीनसारख्या यंत्रांमधून स्पंदित डीसी (एकाच दिशेने, पण ठोक्याठोक्याने वाहणाऱ्या करंटची) गळती होऊ शकते, त्यामुळे नवीन खरेदीत किमान ‘ए’ प्रकार निवडावा.

उपकरणावरील टेस्टचे बटण ठरावीक काळाने दाबावे आणि पुरवठा लगेच तुटतो का, हे पाहावे. हे बटण उपकरणाच्या आतच कृत्रिम असमतोल निर्माण करते, त्यामुळे घराचे अर्थिंग चांगले आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्याची मोजणी वेगळी करून घ्यावी लागते.

आरसीसीबी वारंवार ट्रिप होत असल्यास सर्व एमसीबी बंद करून ते चालू करावे, आणि मग एकेक एमसीबी चढवत जावे. ज्याच्यामुळे ट्रिप होईल, त्या सर्किटवरील यंत्रांचे प्लग काढून पुन्हा पडताळावे. सर्व एमसीबी बंद असतानाही ते टिकत नसेल, तर बहुधा न्यूट्रल कोठेतरी अर्थिंगला चिकटलेली असते, कारण एकपोली एमसीबी फक्त फेज तोडते. अशा वेळी सगळे प्लग उपसून पाहावेत, आणि तरीही ट्रिप होत असेल तर आरसीसीबीला बगल देणारी जोडणी कदापि न करता इलेक्ट्रिशियनकडून इन्सुलेशनची चाचणी करून घ्यावी.