पहिला सोलो रॅप अल्बम काढायचाय? खान्देशातल्या पोरापोरींसाठी सगळं सांगतो

बीट (रॅपच्या खाली वाजणारं संगीत) नंतर शोध भो, आधी वही घे. फोनमध्ये पडलेली जुनी गाणी गोळा करून अल्बम म्हणून टाकली की लोक दोन ऐकतात अन् पुढे जातात, कारण पहिल्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत धरून ठेवेल असं काही त्यात नसतंच. मुंबईचा रॅपर डिव्हाइनचं बघ, दुसरा रॅपर नेझीसोबतचं 'मेरे गली में' 2015 ला आलं, सगळ्या देशाला नाव कळलं, तरी स्वतःचा पहिला अल्बम त्याने 2019 ला काढला. म्हणून घाई नको. वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिही की हा अल्बम कशाबद्दल आहे. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमधलं बालपण असेल, रावेरकडची केळीची बाग अन् तिच्यावरचं कर्ज असेल, सुरतला कामाला गेलेला भाऊ असेल, काहीपण चालेल पण एकच. जे गाणं त्या वाक्यात बसत नाही ते कितीही भारी असलं तरी काढून ठेव, सिंगल म्हणून नंतर टाकता येतं.

किती गाणी? 8 बास. 7 किंवा जास्त गाणी असली, नाहीतर एकूण वेळ 30 मिनिटांच्या वर गेला, की स्पॉटिफायवर तो अल्बम धरतात, त्याच्या खाली ईपी, म्हणजे छोटा अल्बम. आणि सोलो म्हणतोय तर प्रत्येक गाण्यात मित्राचा व्हर्स (कडवं) घुसवू नको, फार तर एका गाण्यात पाहुणा चालेल.

आता भाषा, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बरेच जण मुंबईच्या गल्लीची हिंदी उचलतात आणि ऐकणाऱ्याला दोन ओळींत कळतं की हा आवाज ह्याचा नाही. तू घरी अहिराणी बोलतोस ना, मग त्यातच लिही, निदान हुक (परत परत येणारी ओळ) तरी. यमकाचा फायदा बघ, आपल्याकडे ळ चा य होतो, शाळा ची शाया, काळा चा काया, डोळा चा डोया, म्हणजे जे शब्द प्रमाण मराठीत माया, छाया, वाया यांच्याशी कधी जुळले नसते ते इथे सरळ जुळतात, आणि पुण्या-मुंबईतला कुठलाच रॅपर ही जोडी आणू शकत नाही. माले, तुले (मला, तुला), मना, तुना (माझा, तुझा) हे छोटे शब्द फ्लोमध्ये, म्हणजे म्हणायच्या लयीत, लोण्यासारखे बसतात. 90 बीपीएमवर (मिनिटाला 90 ठोके) 16 बारचा (एका बारात 4 ठोके) व्हर्स साधारण 43 सेकंदांचा होतो, तेवढ्यात एक गोष्ट पूर्ण सांगता आली पाहिजे. लिहून झालं की चालता चालता मोठ्याने म्हण, जिथे दम तुटतो तिथली ओळ कमी कर, माईकसमोर उभं राहिल्यावर हे सुधारत नाही.

बीट विकत घेताना लीज आणि एक्सक्लुझिव्ह यातला फरक वाचून घे, लीजमध्ये तेच बीट अजून पन्नास जण घेऊ शकतात, एक्सक्लुझिव्ह म्हणजे फक्त तुझं. माझं ऐकशील तर गावातला संबळ, डफ, आदिवासी भागातली फुंकून वाजवायची पावरी, नाहीतर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाया झोक्यावर गाणी म्हणतात ती, हे स्वतः रेकॉर्ड कर, परवानगी घे, पैसे दे, क्रेडिटमध्ये नाव टाक. बहिणाबाईंची ओळ घ्यायची असेल तर त्या 1951 ला गेल्या, कविता 1952 ला पुस्तकात आल्या, कायद्यातली 60 वर्षांची मुदत संपली, त्यामुळे शब्द मोकळे आहेत. पण कोणी लावलेली चाल किंवा गायलेलं रेकॉर्डिंग उचलायचं नाही हां, त्याचा हक्क वेगळा असतो.

रेकॉर्डिंग घरी होतं. कंडेन्सर माईक, त्याला लागणारे 48 व्होल्ट देणारा साधा ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), माईकपुढे फुंकर अडवणारा पॉप फिल्टर, आणि मागे-बाजूला जाड गोधड्या टांग. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 44-45 वर जातो आणि कूलर-पंखा चालू ठेवून टेक घेता येत नाही, म्हणून पहाटे चार-पाचला उठून रेकॉर्ड कर, तेव्हा रस्ता पण शांत असतो. माईकपासून वीतभर लांब उभा राहा. रेकॉर्डिंगची सेटिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेव, आणि आवाज उणे 6 डीबीच्या वर जाऊ देऊ नको. मेन टेक पूर्ण घे, मग ओळींचे शेवटचे शब्द परत डबल कर, ॲडलिब्स (मधेमधे टाकलेले हाका-उद्गार) वेगळ्या ट्रॅकवर.

मिक्सिंग (आवाज अन् बीट एकमेकांत नीट बसवणं) जमत नसेल तर त्यातच पैसे घाल, व्हिडिओत नको. मिक्स आला की फोनच्या स्पीकरवर, गाडीत आणि ओळखीच्या लग्नातल्या डीजेच्या सेटवर ऐक. तिथे 808 मध्ये (बीटच्या जाड बेसमध्ये) शब्द बुडत असतील तर परत पाठव, लाजू नको, कारण अहिराणी गाणं खान्देशात लग्नाच्या डीजेवरच पसरतं.

रिलीजला डिस्ट्रिब्युटर (गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) लागतो, तो आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख नंबर, देतो, प्रत्येक गाण्याला वेगळा. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेल. फाइली महिनाभर आधी चढव, कारण स्पॉटिफायच्या एडिटरला (प्लेलिस्ट बनवणाऱ्याला) गाणं सुचवायचं तर रिलीजच्या किमान 7 दिवस आधी सुचवावं लागतं आणि एका वेळी एकच सुचवता येतं. ते हिट वाटणारं नको, वहीतल्या त्या वाक्याच्या सगळ्यात जवळचं दे. गीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व पण घे.

तारीख आखाजीच्या नाहीतर श्रावणात कानबाईच्या सणाच्या आठवड्यातली धर, तेव्हा पुणे, सुरत, मुंबईला गेलेली माणसं गावात असतात, आणि डीजेवाल्यांकडे पेनड्राइव्ह त्याच्या चार दिवस आधी पोचला पाहिजे.