पक्षनिधीच्या स्नेहभोजनाआधी तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी करायची तयारी

तारीख ठरवताना आधी वावराकडे पाहा, नेत्यांची डायरी मागाहून. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आपल्याकडे सोयीचा. कापसाच्या दोन-तीन वेचण्या झालेल्या असतात, तूर खळ्यावर आलेली असते, कृषी केंद्राची उधारी थोडीफार फिटलेली असते. लग्नाची मोठी तिथी आणि तालुक्याचा बाजार दोन्ही टाळा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ घ्या. वेळ सहाची द्या आणि साडेआठला शेवटची पंगत उठेल असेच गणित बांधा. हरभरा, गहू उभा आहे, रात्री रानडुकरं आणि रोही उतरतात, आलेल्यांपैकी कितीतरी लोक तिथूनच जागलीला जायचे. त्यांना नऊपर्यंत भाषणात अडकवून ठेवू नका. निवडणूक जाहीर झाली असेल, तर हा कार्यक्रम सरळ पुढे ढकला. मतदाराला खाऊपिऊ घालणे कायद्याच्या नजरेत लाचेतच मोडते, आणि आम्ही कुपन विकले होते हे नंतर सिद्ध करत बसावे लागते.

जागेसाठी कुणीतरी जिनिंगचे आवार सुचवेलच. नको. हंगाम भरात असतो, सरकी आणि कापसाचे ढीग उघड्यावर असतात, आणि आपल्याला रोडग्यांसाठी गोवऱ्यांचा जगरा पेटवायचा आहे. शिवाय फुकट मिळालेली जागा हीसुद्धा देणगीच, आणि कापसाच्या भावावर बोलणाऱ्या पक्षाने जिनिंगवाल्याच्या आवारात बसू नये असे मला वाटते. देवळाचा सभामंडपही नको. धार्मिक स्थळांचा राजकीय वापर रोखणारा 1988 चा केंद्राचा कायदा आहे. सोयाबीन निघून मोकळे पडलेले, रस्त्याला लागून असलेले एखाद्या सभासदाचे वावर घ्या आणि त्याची संमती लेखी ठेवा. बिछायत केंद्रातून सतरंज्या, दोन फोकस आणि माइक सांगा, सोबत जनरेटर. माइकची परवानगी ठाण्यातून चार दिवस आधीच काढा.

जेवण साधे ठेवा: रोडगे, वरण, वांग्याची भाजी, भात. पंचतारांकित ताटे मांडून सरकारच्या उधळपट्टीवर बोलता येत नाही. स्वयंपाक गावातल्या बचत गटाला द्या आणि मजुरी आधी ठरवा. सेवा म्हणून राबवून घेऊ नका. कणकेचे गोळे जगऱ्यात टाकले की मधूनमधून फिरवणारा माणूस लागतो, नाहीतर एक बाजू करपते आणि आत कच्चे राहते. शेवटी राख झटकून रोडगा फोडायचा आणि वाफ निघतानाच तूप सोडायचे. सगळ्या खर्चात तुपाचाच आकडा मोठा निघेल, तिथे मात्र हात आखडू नका. पहिली पंगत बायांची बसवा. एरवी त्या वाढून वाढून थकतात आणि भाषण त्यांच्या कानावरही पडत नाही.

आता पैसा. सरकारने लोकांच्या खिशात किती हात घालावा यावर आपण बोलणार आहोत, तर आपल्या हातातला प्रत्येक रुपया कुणाचा हे सांगता आले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले ते एवढ्याचसाठी की कोणत्या पक्षाला कोण पैसे देतो हे कळण्याचा मतदाराला हक्क आहे. तो हक्क आपल्या तालुक्यातही पाळा. 2,000 रुपयांहून जास्त देणगी रोखीने घेऊ नका, आयकर कायदा तसे सांगतो. त्यापुढची रक्कम धनादेशाने किंवा थेट खात्यावर. वर्षभरात एकाच देणगीदाराकडून 20,000 रुपयांच्या वर आले, तर त्याचे नाव पक्षाला निवडणूक आयोगाकडे कळवावे लागते, म्हणून त्याचा पॅन आणि पत्ता त्याच वेळी लिहून घ्या. क्यूआर कोड पक्षाच्या खात्याचाच छापा. कार्यकर्त्याच्या फोनपेवर एक रुपयाही येता कामा नये, तो कितीही विश्वासाचा असो. पावती पुस्तकाला क्रमांक हवेत, आणि कोणते पुस्तक कुणाकडे आहे त्याची वही वेगळी. कच्च्या पावतीवर पैसे घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, ती मोडा.

कुपनाचे दर वेगवेगळे ठेवले तरी पंगत एकच राहील. 200 रुपये देणारा शेतमजूर आणि 20,000 देणारा अडत्या एकाच सतरंजीवर बसले पाहिजेत. काही पैशांना नाही म्हणायचे हे आधीच ठरवून ठेवा. तालुक्यातले रस्ते करणारा कंत्राटदार हसत हसत पाकीट पुढे करेल. निविदांवर बोलणार असाल तर ते घेऊ नका. कुणी म्हणेल, भाऊ, धनादेश देतो, तुम्ही रोख परत करा, मला करात सूट मिळेल. हा गुन्हा आहे, तिथेच हात जोडा. सरकारी कंपनी आणि परदेशी पैसा कायद्यानेच बंद आहे. गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक यांच्या दारी कुपन घेऊन जाऊच नका. सेवेचे नियम त्यांना राजकारणात भाग घेऊ देत नाहीत, आणि ओळखीपोटी ते नाही म्हणू शकत नाहीत.

यादीतले सगळ्यात मोठे काम भाषणाचे. सरकारचा पसारा हा विषय विदर्भात बोलायला अवघड आहे. समोर बसलेल्या माणसाच्या घरी रेशनचे धान्य येते, त्याचा कापूस सीसीआय म्हणजे केंद्राचे कापूस महामंडळ घेते, त्याच्या आईचे औषध निराधारच्या पैशातून येते. त्याला नुसते ‘सरकार कमी करा’ एवढेच ऐकू आले तर तो घाबरेल, आणि त्याचे घाबरणे खरे आहे. म्हणून वक्त्यांनी सुरुवातीलाच स्वच्छ सांगावे: दवाखाना, शाळा, रेशन, रोजगार हमी याला आमचा विरोध नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानेच 1977 मध्ये केला, तो आपला अभिमान आहे. आमचा विरोध आहे तो शेतकऱ्याने काय पेरावे, माल कुठे विकावा आणि गावाने आपल्या जंगलाचे काय करावे हे मुंबई-दिल्लीत ठरते, त्याला. जिथे माणूस हवा तिथे सरकार सापडत नाही. आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, पण एका दाखल्यासाठी चार टेबले आहेत. एवढा फरक नीट मांडला तर म्हातारी माणसेही मान डोलावतील.

उदाहरणे आपल्या मातीतली द्या आणि प्रत्येकाचे साल तपासून कागदावर लिहून द्या. 1972 पासून जवळपास तीस वर्षे कापूस एकाधिकार योजना होती. स्वतः पिकवलेला कापूस शेतकऱ्याला व्यापाऱ्याला विकता येत नव्हता, आणि राज्याच्या सीमेपलीकडे भाव जास्त असला तरी तिकडे नेला की तो चोरटा ठरत होता. सीमेवरच्या, पैनगंगेच्या काठच्या गावांत हे सांगावे लागणार नाही, तिथले जुने लोक तुम्हालाच सांगतील. बियाण्याचे घ्या. बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, त्याच्याच पुढच्या बोलगार्ड-2 ला 2006 मध्ये. गुलाबी बोंडअळीने ते तंत्र हरवले, तरी पुढचे वाण अडकून पडले. जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेले, तणनाशक सहन करणारे एचटीबीटी बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. वक्त्यांनी ही आठवण जरूर द्यावी, पण व्यासपीठावरून ‘तुम्हीही पेरा’ असे म्हणू नये. गुन्हे शेतकऱ्यांवर दाखल होतात. मागणी परवानगीची करावी.

सोयाबीन, हरभरा आणि गव्हासाठी दोन तारखा पुरेत. 20 डिसेंबर 2021 रोजी बाजार नियामक सेबीने सात शेतमालांच्या वायदे व्यवहारांना, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा भाव आज ठरवणाऱ्या सौद्यांना, स्थगिती दिली, त्यात आपले सोयाबीन आणि हरभरा आहेत. स्थगिती वर्षभराची म्हणून आली आणि मग तिला मुदतवाढ मिळत गेली. 13 मे 2022 रोजी गव्हाची निर्यात एका आदेशाने बंद झाली. भाव चढला की दार लावले, असे नुसते म्हणण्यापेक्षा तारीख सांगितली की लोक ऐकतात.

कापसाच्या आयात शुल्कावर मात्र जपून बोलायला सांगा. 19 ऑगस्ट 2025 पासून केंद्राने 11 टक्के शुल्क हटवले, आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. ऐन नव्या कापसाच्या तोंडावर हे झाले म्हणून लोक चिडले, आणि टाळी मिळवायला हा मुद्दा सोपा आहे. पण बाजारात सरकार नको म्हणणाऱ्याने शुल्क का हटवले असे विचारले, तर समोरचा शहाणा माणूस तिथेच पकडेल. प्रामाणिक मांडणी अशी आहे: निर्यात वाटेल तेव्हा बंद आणि आयात वाटेल तेव्हा खुली, दोन्ही निर्णय शेतकऱ्याला न विचारता, पेरणी झाल्यावर. एकच धोरण पेरणीच्या आधी जाहीर करा आणि हंगामभर पाळा. यापेक्षा जास्त बोलू नये.

नुसती तक्रार पोटात घेऊन लोक घरी जाऊ नयेत, म्हणून मेंढा-लेखा सांगा. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले आणि ते करून दाखवले. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक थेट ग्रामसभेच्या हाती आले. बांबू ग्रामसभेने विकला, पैसा गावात राहिला, हिशेब गावाने पाहिला. सरकार लहान करणे म्हणजे काय, हे मला यापेक्षा चांगले कुठे दिसलेले नाही. त्याच्या शेजारी उलटे चित्रही ठेवा: यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर या जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडून दिलेल्या माणसांच्या खुर्चीत वर्षानुवर्षे प्रशासक बसला. आणि पूर्व विदर्भातून पाहुणे असतील तर गोसीखुर्द धरण. 1988 मध्ये पायाभरणी, सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा, पुढे खर्च हजारो कोटींवर गेला आणि तीन दशके उलटली तरी कालवे अपुरेच होते.

कर्मचाऱ्यांवर शेलकी बोलणी नकोत. एकेका ग्रामसेवकाकडे, कृषी सहायकाकडे कितीतरी गावे असतात, आणि त्यांचे भाऊबंद समोरच बसलेले असतात. नियम कुणी केला त्याला जाब विचारायचा. तो राबवणाऱ्याला लाज आणायची नाही.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटे राखून ठेवा आणि दोन प्रश्नांची तयारी वक्त्यांकडून आदल्या दिवशी करून घ्या. पहिला येणारच: मग सीसीआयची खरेदी बंद करता का जी? उत्तर ठाम हवे, नाही. निर्यातबंदी आणि साठ्यांच्या मर्यादा घालून सरकार भाव पाडते, तोवर हमीभावाने घेणे हे सरकारचे देणे आहे. चालू हंगामाचे दर पाठ असू द्या; 2025-26 मध्ये क्विंटलला मध्यम धाग्याला 7,710 रुपये आणि लांब धाग्याला 8,110 होते. अ‍ॅपवर नोंदणी झाली नाही किंवा ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला म्हणून गाडी परत फिरते, ते सोपे करायला आपण भांडू. दुसरा प्रश्न एखादे बापू उठून विचारतील: तुमचे सरकार होते तेव्हा तुम्ही काय केले? इथे टोलवाटोलवी चालणार नाही. साठ्यांवर मर्यादा घालू देणारा जीवनावश्यक वस्तू कायदा 1955 चा आहे आणि कोणत्याच पक्षाने तो मुळातून काढलेला नाही, आपणही नाही. वक्त्यांनी हे मान्य करावे, आणि पुन्हा संधी मिळाली तर पहिल्या वर्षी कोणते दोन नियम काढू ते नाव घेऊन सांगावे. ते दोन नियम कोणते, यावर तालुका कार्यकारिणीची बैठक आठ दिवस आधी घ्या. तिथे एकमत झाले नाही तर कार्यक्रमाची तारीख पुढे न्या, पत्रिका छापू नका.

रात्री सतरंज्या उचलण्याआधी बिछायतवाले, जनरेटरवाले आणि बचत गटाच्या ताई या तिघांचे पैसे चुकते करा आणि सही घ्या. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी, मोजणीच्या कागदावर दोघांच्याही सह्या. दुसऱ्या दिवशी बँक उघडताच भरणा. आठवड्याच्या आत जमा-खर्च कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर लावा, 200 रुपये देणाऱ्यालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, आणि उरलेली कोरी पावती पुस्तके मोजून जिल्हा कार्यालयात परत करा.